शेजाऱ्याची ना हरकत

माझी सगळी नोकरी लोकांच्या घरांचा 'वापर' तपासण्यात गेली. धुळ्याला एका कचेरीत मी नगररचनेच्या टेबलावर बसायचो. तपासणीच्या फॉर्मवर एक रकाना असायचा, 'प्रत्यक्ष वापर'. त्यात 'निवासी' लिहायचं की 'वाणिज्य', एवढ्यावर आमचा संसार चालायचा. कोणी ओट्यावर झेरॉक्सचं मशीन ठेवलं, एखाद्या बाईनं पुढच्या खोलीत ब्यूटी पार्लर काढलं, की आम्ही टेप घेऊन हजर. लोक आम्हाला चहा पाजायचे आणि मनातल्या मनात शिव्या द्यायचे. दोन्ही मला कळायचं आणि खोटं कशाला बोलू, दोन्हीची सवय झाली होती.

निवृत्त झाल्यावर आम्ही नवरा-बायको जळगावला येऊन राहिलो. बायकोचं माहेर पहूरचं, तेवढंच तिला जवळ. गल्लीतलं शेवटून दुसरं घर आमचं आणि शेवटचं अक्कांचं. मधे कमरेएवढी भिंत. अक्का मूळच्या शिंदखेड्याकडच्या, बोलणं सगळं अहिराणी. नवरा गेल्यापासून त्या पुरणाचे मांडे करून विकायच्या. मागच्या अंगणात चूल, चुलीवर पालथं घातलेलं मातीचं मोठं खापर, खाली कापसाची वाळलेली पऱ्हाटी धडधडून पेटलेली. पुरण भरलेला उंडा त्या दोन्ही हातांवर असा काही झुलवायच्या, की बघता बघता तो कोपरापर्यंत पसरायचा आणि अलगद खापरावर पडायचा. पहिल्या घाण्यातला एक मांडा भिंतीवरून आमच्याकडे यायचा. बायको तो दुधात कुस्करून खायची आणि मला म्हणायची, "तुमच्या फॉर्ममध्ये हा कोणता वापर बसतो हो?"

थट्टा होती, पण मी खरंच विचार करायचो. रहिवासी भागात घरातल्या घरात छोटा उद्योग करायला नियमाची आडकाठी नसते. घरच्याच माणसांनी करावा, थोड्या जागेत करावा आणि धुरानं, आवाजानं शेजाऱ्याला उपद्रव होऊ नये, असा त्याचा साधारण अर्थ. अक्कांची एक चूल त्यात बसत होती. पुढे मागणी वाढली. लग्नाच्या, डोहाळजेवणाच्या ऑर्डरी यायला लागल्या, आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, आठवड्यात तर त्यांना मान वर करायला फुरसत नसायची. त्यांनी बाहेरच्या दोन बाया कामाला घेतल्या आणि दुसरी चूल घालायची ठरवली. कुठे घालू, म्हणून मलाच विचारलं. मी मोठ्या ऐटीत भिंतीजवळ उभा राहिलो आणि न्हाणीच्या मागची जागा दाखवली. म्हटलं, "इथे घाला. वर पत्रे टाका. रस्त्यावरून कोणाला दिसणार नाही." खरोखर दिसायची नाही. ती चूल फक्त आमच्या गच्चीवरून दिसायची.

मग बायकोचा खोकला सुरू झाला. आधी हवापालटाचा वाटला. तीन डॉक्टर झाले आणि तिसऱ्यानं सांगितलं, की फुप्फुसं आकसत चालली आहेत, पुन्हा पहिल्यासारखी होणार नाहीत. धूर, धूळ, उदबत्तीसुद्धा टाळा, असं तो म्हणाला. मी घरातली उदबत्ती बंद केली. सतरंज्या उचलल्या. फोडणीच्या वेळी तिला पुढच्या खोलीत बसवायला लागलो. एवढं करूनही खोकला थांबेना. एके दिवशी गच्चीवर कपडे वाळत घालताना मला खाली त्या दोन चुली पेटलेल्या दिसल्या आणि माझं डोकं फिरलं. माणूस घाबरला, की त्याला भांडायला कोणीतरी लागतं. फुप्फुसांशी भांडता येत नाही. हिच्या दुखण्याचं सगळं खापर मी त्या धुरावर फोडलं. भिंतीपाशी जाऊन अक्कांशी दोन शब्द बोलावं, एवढंही मला सुचलं नाही. हिला तर मी काही विचारलंच नाही.

दुपारी ती झोपली असताना मी मोबाईलवरून महापालिकेकडे तक्रार टाकली. 'तक्रारदाराचे नाव गुप्त ठेवावे' या चौकटीत खूण केली. बाई मांडे विकते, असं लिहिलं असतं तर कोणी ढुंकून पाहिलं नसतं. ते मला माहीत होतं. म्हणून मी लिहिलं, 'निवासी भूखंडावर विनापरवाना शेड उभारून, दोन चुलींवर, बाहेरील कामगारांमार्फत व्यावसायिक उत्पादन केले जात असून धुरामुळे वृद्ध व आजारी रहिवाशांस उपद्रव होत आहे.' वाक्य बिनचूक होतं. माझी सगळी नोकरी त्यात उतरली होती. पाठवून झाल्यावर मी चहा केला आणि मला चांगलं हलकं वाटलं, हेही इथे लिहून ठेवतो.

पाहणी झाली आणि महिन्याभरात नोटीस आली. अक्का कागद हातात घेऊन भिंतीपाशी उभ्या होत्या. माझ्या बायकोनंच त्यांना हाक मारून घरात बोलावलं. "अहो अक्का, आमच्या यांनी जन्मभर हेच केलंय. हे वाचतील, हेच उत्तर लिहून देतील. तुम्ही कशाला घाबरता?"

अक्का माझ्यासमोर खुर्चीच्या काठावर बसल्या. "भाऊ, हाई काय लिखेल शे? माले तर बठ्ठं काळं काळं दिसस."

मी मोठ्यानं वाचायला लागलो. माझीच वाक्यं होती, फक्त वर जावक क्रमांक आणि खाली सही आली होती. 'दोन चुलींवर' हे शब्द आले तेव्हा माझी जीभ अडखळली. दुसरी चूल कोणाला दिसते, हे त्यांच्या लक्षात येईल म्हणून मी 'दोन' गाळलं आणि नुसतं 'चुलीवर' वाचलं.

"मांडा करानं बी गुन्हा शे का?" त्यांनी विचारलं.

"गुन्हा नाही अक्का. नियम आहे."

"चूल बंद करानी का मंग? मी काय खासू?"

बायको माझ्याकडे बघत होती. तिला खात्री होती, की मी काहीतरी मार्ग काढणार. मी कागद घेऊन उत्तर लिहायला बसलो आणि तेही मन लावून लिहिलं. घरगुती उद्योग, एकट्या बाईचं पोट, जागेचा किरकोळ भाग, सगळे मुद्दे घातले. सोबत शेजाऱ्यांची ना-हरकत जोडली तर वजन पडेल, असंही सुचवलं. समोरचे शेठ, ज्यांचे आजोबा राजस्थानातून इथे कापडाच्या धंद्याला आले होते, त्यांनी न वाचताच सही केली. "अक्कांच्या मांड्यांशिवाय आमच्याकडे कधी आखाजी झाली आहे का?" म्हणाले. दुसरी सही लगतच्या शेजाऱ्याची हवी होती, म्हणजे माझी. 'माझी काहीही हरकत नाही' असं लिहून मी सही केली.

सुनावणीला अक्कांबरोबर मीच गेलो. अक्कांची लेक शिरपूरहून आली होती, तीही होती. ऑफिसातल्या अभियंता बाई वयानं लहान, पण कागद नीट वाचणाऱ्या. त्यांनी ना-हरकत पाहिली, मग फाईल उलटून मागचं पान पाहिलं, पुन्हा पुढचं पाहिलं. अक्का आणि लेक बाहेर बाकावर बसल्या तेव्हा त्यांनी मला थांबवून घेतलं.

"सर, तुमची हरकत आहे की नाही?"

मी म्हणालो, "नाही."

"मग तक्रार लेखी मागे घ्या. शेड आणि दुसरी चूल काढावीच लागेल, त्याला माझा इलाज नाही. पण शेजाऱ्याला उपद्रव नाही असं दिसलं, तर पहिली चूल राहू देता येईल. सात दिवस मी फाईल थांबवते."

मी "बघतो" म्हणालो.

तो अर्ज मी त्याच संध्याकाळी लिहिला. चार ओळींचा होता. पण तो फाईलला लागला असता, निकालाच्या कागदात 'तक्रारदारांनी तक्रार मागे घेतल्याने' असं आलं असतं, नावही आलं असतं आणि अक्कांच्या लेकीनं ते वाचलं असतं. सात दिवस तो अर्ज माझ्या शर्टाच्या खिशात होता. एकदा मी ऑफिसच्या फाटकापर्यंत गेलो आणि समोरच्या टपरीवर चहा पिऊन परत आलो. बायकोनं विचारलं, "झालं का अक्कांचं काम?" मी म्हणालो, "प्रयत्न चाललाय." आठव्या दिवशी मी तो अर्ज फाडला.

हुकूम आला. लाकडाच्या चुलीवर उत्पादन बंद, घरच्यापुरतं गॅसवर काय करायचं ते करा. अक्का म्हणाल्या, "गॅसवर खापर मधमाच तापस. काठनं मांडा कच्चा राहस." ते कोणत्याच कलमात बसत नव्हतं. कामाच्या दोघी बायांना त्यांनी एकेक लुगडं देऊन निरोप दिला. पत्रे काढताना एक वासा निसटला आणि चुलीवरचं खापर फुटलं. मी गच्चीवरून बघत होतो. अक्का खाली बसून तुकडे वेचत होत्या. मी मागे सरलो.

धूर बंद झाला. खोकला होता तसाच राहिला, उलट वाढला. थोड्या दिवसांनी एका सकाळी बायको उशीला टेकून बसली होती. म्हणाली, "आजही अक्कांकडचा वास आला नाही."

"बरं झालं ना. तुला त्रास व्हायचा."

"मला? मला कधी त्रास झाला त्याचा? मी तर खिडकी उघडून ठेवायची. पुरणाचा वास आला, की पहूरला आईच्या घरी असल्यासारखं वाटायचं." मग दम लागला म्हणून ती थांबली. जरा वेळानं म्हणाली, "कोणाला एवढं खुपलं असेल हो अक्कांचं?"

मी औषधाची बाटली शोधायला लागलो. ती समोरच होती.

पुढची आखाजी तिनं पाहिली नाही.

सुतकाचे दिवस. आमच्या घरात चूल पेटत नव्हती. त्या तेरा दिवसांत दोन्ही वेळचं जेवण भिंतीवरून आलं. भाकरी, पिठलं, वरण-भात, फडक्यात बांधलेलं. पाव्हणे-रावळे धरून पंधरा-सोळा माणसं असायची. ज्या बाईची चूल मी विझवली, ती माझ्या घराला जेवू घालत होती. मला घास गिळवत नव्हता. लोकांना वाटायचं, बायकोच्या दुःखानं. ते दुःख होतंच. पण त्या भाकरीपाशी मला जे व्हायचं ते वेगळं होतं, ती निव्वळ लाज होती.

त्यानंतर महिन्याभरानं अक्का शिरपूरला लेकीकडे कायमच्या जायला निघाल्या. रिक्षा दारात उभी होती. त्या भिंतीवरून हाक न मारता पुढच्या फाटकातून आल्या. कडेवर पोर घ्यावं तसं जुन्या लुगड्यात गुंडाळलेलं खापर होतं.

"पोरना फ्लॅटमा अंगण नही भाऊ. हाई खापर तुमनाकडे राहू द्या. दोन व्हतात, एक फुटनं. हाई संभाळा."

मी दोन्ही हात पुढे करून ते घेतलं. वाटलं होतं त्यापेक्षा हलकं होतं. अक्का लगेच निघाल्या नाहीत. पदर सारखा करत म्हणाल्या, "तो कागद पोरनी माले वाची दखाडा. दोन चुली लिखेल व्हत्यात. दुसरी चूल गल्लीमातीन दिसत नही भाऊ. तुमनी गच्चीवरतीनच दिसस."

मी मान खाली घातली. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं.

"माले राग नही," त्या म्हणाल्या. "पन एक डाव माले सांगतात. भीतवरतीन एक हाक मारतात तर मी सोता मोडी टाकती चूल. वहिनीपेक्षा चूल मोठी शे का?" मग त्यांनी थेट माझ्याकडे पाहिलं. "वहिनीले त्या धूरना तरास व्हता ना भाऊ?"

बायको उशीला टेकून बसलेली मला दिसली. 'मला कधी त्रास झाला त्याचा?' हा तिचा प्रश्न आठवला. अक्का वाट बघत होत्या. त्यांची चूल कशासाठी गेली, एवढंच त्यांना माझ्याकडून हवं होतं.

मी म्हणालो, "हो अक्का. होता."

"मंग बरं व्हयनं," त्या म्हणाल्या. त्यांचा चेहरा सैल झाला. "मंग काही वाटत नही माले."

रिक्षा गल्लीच्या टोकाला वळेपर्यंत मी फाटकात उभा होतो. खापर अजून माझ्या हातात होतं.