फक्त काळी दारू

देवीदास कोणत्याही हत्याराची किंमत रुपयांत सांगत नसे. रुपयाचा काय भरवसा, असं त्याचं म्हणणं. तो सांगे, ही बंदूक म्हणजे एक दुभती म्हैस, किंवा हा तपंचा म्हणजे जुनी मोपेड, तीही पंक्चर. अकोल्यातल्या एका शस्त्रांच्या दुकानात त्यानं बावीस वर्षं ठासणीच्या बंदुका दुरुस्त केल्या होत्या. शिक्षण चौथीपर्यंत, तेही मास्तराशी भांडून सुटलेलं. पण नळीला नाक लावून ती उडून किती वर्षं झाली ते सांगे, आणि स्क्रूच्या आट्यांवरून बोट फिरवून तो हातानं कापलेला की मशीनवर, हे डोळे मिटून ओळखे. त्याच्या शब्दावर कोणी शंका घेतली की चहा तसाच ठेवून ताडकन उठे. चार पावलं जाई, परत येई, चहा पिई आणि मग रागावून निघून जाई.

दुकान बंद पडल्यावर तो फवारणीचे पंप दुरुस्त करू लागला. एकदा फवारणीच्या औषधाच्या बाटलीवरचं इंग्रजी वाचता न आल्यानं त्याच्याकडे पंप आणणारा एक साधा मजूर आठ दिवस दवाखान्यात पडला. देवीदास औषधवाल्याच्या अंगावर धावून गेला. औषधवाला थंडपणे म्हणाला, बाटलीवर सगळं लिहिलेलं आहे, तुम्ही वाचत नाही त्याला मी काय करू. त्या रागात देवीदास अठ्ठावन्नाव्या वर्षी एबीसीडी घेऊन बसला आणि वर्षभरात बाटल्या वाचू लागला. 'ओन्ली' हा शब्द तर त्याला दुरूनही ओळखू येई. फक्त शेतीसाठी, फक्त कापसासाठी. बाटल्यांवर जिथं तिथं ओन्ली.

तर या दसऱ्याला मोर्शीचे खुशालराव, संत्र्याच्या बागांचे धनी, यांनी त्याला मानानं बोलावलं. त्यांच्या घरात एक सहा बारांचा चक्रीचा तपंचा, म्हणजे जुन्या धाटणीचं रिव्हॉल्व्हर, होता. पणजोबांनी अठराशे सत्तावनच्या धामधुमीत गोऱ्या साहेबाच्या कमरेतून ओढून घेतलेला, असं घरात चालत आलेलं. पोलीस ठाण्याच्या हुकमावरून नळीत शिसं ओतून तो मुका, म्हणजे कायमचा निकामी, केला होता. चौदा वर्षांपूर्वी देवीदासनं तो पाहून लेखी दिलं होतं : अस्सल विलायती, दीडशे वर्षांचा, किंमत एक ट्रॅक्टर. तो कागद फ्रेम करून दिवाणखान्यात लावला होता. आता तपंचा आणि कागद दोन्ही गावच्या शाळेच्या काचेच्या कपाटात जायचे होते, आणि कागद वाचायचा मान देवीदासचा.

सकाळी तेलपाणी करताना त्यानं नळीखालचा, दारूगोळी ठासायचा दांडा खाली ओढला. दांड्याआड नळीच्या पोटावर बारीक अक्षरं होती. त्यानं चष्मा सावरून वाचलं. ब्लॅक पावडर ओन्ली. म्हणजे फक्त काळी दारू.

त्याचा हात थांबला. सत्तावन साली बंदुकीत भरायला काळ्या दारूशिवाय दुसरी दारू होतीच कुठं? बिनधुराची दारू नंतर आली. मग 'फक्त' असं बजावणारा कारागीरही नंतरचाच. पणजोबांच्या गोष्टीवर विसंबून तेव्हा न उघडलेले स्क्रू त्यानं आज काढून पाहिले, आटे मशीनचे. तपंचा नक्कल होता. कारागिरी झकास, पण जन्म काल-परवाचा.

खरा काटा वेगळाच होता. ही अक्षरं त्यानं चौदा वर्षांपूर्वी पाहिली होती. काय लिहिलं आहे, असं तेव्हा खुशालरावांनी विचारलंही होतं. वाचता येत नाही म्हणायची लाज वाटली, म्हणून "कंपनीचं नाव हाय" असं ठोकून देऊन त्यानं दांडा खटकन वर बसवला होता. आज बोलावं तर आयुष्यभराचा शब्द जातो. गप्प बसावं तर आपल्या सहीखालचं खोटं शाळेत टांगलं जातं, आणि त्या शाळेतली पोरं इंग्रजी वाचतात.

शाळेचं सभागृह भरलं होतं. देवीदास उभा राहिला आणि कागद बाजूला ठेवून म्हणाला, "याच्यावर लिहिलं हाय, फक्त काळी दारू." मागच्या बाकांवरून कोणी विचारलं की देशी चालत नाही का. हशा पिकला. तो थांबेपर्यंत देवीदासचं डोकं तापलं होतं. तपंचा नक्कल आहे आणि आपला कागद चूक आहे, असं त्यानं सरळ सांगून टाकलं.

खुशालराव त्याचा सदरा ओढत म्हणाले, "भाऊ, तुमी तवाच बरोबर होते. आता वय झालं तुमचं."

चूक कबूल करूनही ती मान्य होत नाही, हे देवीदासला नवीन होतं. तो भडकला. "वय माहं झालं, लोखंडाचं नाई. घरात एकच बायको असन त दारावर पाटी लावता का, 'फक्त हिचाच नवरा'? फक्त कवा लिवते मानूस? दुसरीचा धोका असला म्हंजे!"

बायकांच्या रांगेत पहिलं हसू फुटलं ते खुशालरावांच्या आईचं, गोदाबाईंचं. खुशालराव लालबुंद झाले. "मंग हे तवा दिसलं नाई तुमाले?"

देवीदासनं हातातला तपंचा टेबलावर ठेवला.

"दिसलं होतं. वाचता येत नोतं. सांगाची लाज वाटली."

मग गोदाबाई बसल्या जागेवरून म्हणाल्या, "खरं बोलला बिचारा. तुह्या बापानंच आनला होता तो. कोन्या फॉरिनच्या सायबाले चार पेट्या संत्रे देल्ले आन् हा घेतला. तू आठ दिवसाचा होता. तुह्याच वयाचा हाय तो, खुशाल."

खुशालरावांनी कपाळाला हात लावला. आई, इतकी वर्षं बोलली का नाहीस, असं त्यांनी कसंबसं विचारलं.

"मले कोनं इचारलं?" गोदाबाई म्हणाल्या. "तुमी गडीमानसं पनजोबाच्या गोष्टी सांगून राहिले होते. म्या सैपाक करून राहिली होती."

देवीदासनं फ्रेम उघडून कागद काढला. 'अस्सल' खोडून 'नक्कल' लिहिलं, दीडशे वर्षांच्या जागी खुशालरावांचं वय घातलं, ट्रॅक्टरवर काट मारली. माहिती कोणाची, तर गोदाबाईंची, असंही लिहिलं. किमतीच्या जागी 'संत्र्याच्या चार पेट्या' लिहिता लिहिता त्याचा पेन थांबला. पारख करायची तर पुरी करायची.

"काकू, संत्रे आंबिया बहाराचे का मृगाचे?"

"मृगाचे. मी फागुनात खुशालची बायतीन होती, आन् तवा मृगाचाच बहार उतरते."

मान खाली घालून बसलेले खुशालराव हळूच वर पाहू लागले. बागायतदाराचं डोकं आतून चालू झालेलं चेहऱ्यावर दिसत होतं. मृगाचं संत्रं गोड, त्याला भावही चढा.

"मृगाचे लिवा," ते देवीदासला म्हणाले. "सपष्ट लिवा. नाई त लोक आंबियाचे समजतीन."