सारवलेलं टेनिस कोर्ट

ईशा आणि निखिल, परवा फोनवर तुम्ही हसून विचारलंत, "आजी, गोंडपिपरीत कुठलं आलंय टेनिस?" म्हणून आजच लिहायला बसले. आमच्या अख्ख्या जिल्ह्यात टेनिस एकाच व्यक्तीला कळलं होतं, ती म्हणजे तुमच्या आजोबांच्या दवाखान्यातल्या नर्सबाई.

त्यांनी रॅकेट हातात धरली तीच चाळिशी उलटल्यावर. गावातल्या सरकारी क्लबच्या कपाटात अमेरिकेच्या एका जुन्या टेनिस विजेतीवर इंग्रजी पुस्तक होतं. दर रविवारी मी ते मराठीत सांगायचे आणि बाई परीक्षेला बसल्यासारख्या ऐकायच्या. विजेती घोट्यापर्यंतचा झगा घालून खेळायची, म्हणून बाईंनीही साडी सोडली नाही. शेवटची पानं वाळवीनं खाल्ली होती. "बरं झालं," त्या म्हणाल्या, "हारल्याची पानं असतील. मले काय कामाची?" इंजेक्शनची सुई हातात असतानाही त्या मनगट फिरवून फटका घोटायच्या, पेशंट न टोचताच बरे होऊन पळत.

क्लबच्या मुरुमाच्या एकुलत्या कोर्टावर बाई आठ-दहा मुलींना शिकवत. नव्वदच्या दशकाच्या अखेरीस नवे तहसीलदार साहेब आले. त्यांना तिथे जीपसाठी शेड हवी होती. बाई थेट त्यांच्या टेबलासमोर उभ्या राहिल्या. "साहेब, एक सेट खेळा माह्यासंग. तुमी हारले तं शेड दुसरीकडं. मी हारली तं शेडचा नारळ मीच फोडीन." साहेब कॉलेजात खेळलेले. हसत हो म्हणाले.

सामन्याच्या दिवशी सकाळी बाईंनी सगळं कोर्ट शेणानं सारवून काढलं. मी कपाळाला हात लावला. "अहो, हे काय केलंत?"

"साहेब येऊन राह्यले ना? पाहुण्यासाठी आंगण सारवायचं नाई का?"

नव्या बुटांतले साहेब दोनदा आडवे झाले. बाई अनवाणी. "बूट काढा साहेब, घसरून राह्यले तुमी," त्यांनी मनापासून सांगितलं. साहेबांनी ऐकलं ते तिसऱ्यांदा पडल्यावर. मग खरा खेळ सुरू झाला. साहेब जोरात मारत. बाई पदर खोचून प्रत्येक चेंडू नुसता परत पाठवत, न दमता, न चिडता. अखेर सात-पाच. साहेबांनी शब्द पाळला.

बाईंच्या शेवटच्या आजारात मी म्हटलं, "तुम्ही लहानपणीच सुरुवात करायला हवी होती. फार उशीर झाला."

"उशीर काऊन म्हणता, डॉक्टरीणबाई? कोर्ट वाचवाच्या येळेवर तं होती ना मी."

आता जाळं विरलं आहे, मुलीही दुसऱ्या आहेत. पण कोर्ट आहे, आणि त्यावर रोज खेळ होतो.