रेकॉर्ड पलटायची राहिली

रविवारचं जेवण अंमळ जास्तच झालंय. भरली वांगी होती, त्याला शलाका तरी काय करणार! भांडी तशीच टाकून ती अण्णांच्या खोलीतल्या खुर्चीत टेकते, "पाचच मिनिटं हं," असं स्वतःला बजावते, आणि डोळे मिटायला लागतात. मांडीवर अण्णांनी दिलेलं शेवटचं पुस्तक आहे. वर्तमानपत्राचं कव्हर घातलेलं, कारण "नाव बघून साबण घ्यावा सूनबाई, पुस्तक नव्हे."

अण्णा म्हणजे तिचे सासरे. मिरजेच्या एका ऑर्केस्ट्रात उभी हयात गिटार वाजवली, आणि म्हातारपणी सुनेला पुस्तकांच्या नि गिटारच्या नादी लावलं. वैद्यानं पुड्या बांधाव्यात तसं सुचवायचे. नवऱ्याशी वाजलं की दोन गिटारींची रेकॉर्ड: "ऐक, दोघं एकमेकांना उत्तरं देतात, पण कुणी ओरडत नाही." माहेरची आठवण आली की जाडजूड कादंबरी. नेम एकच. पुस्तकाबरोबर गिटारची एक रेकॉर्ड मिळायची; अर्धं पुस्तक होईतो पहिलीच बाजू ऐकायची, मग रेकॉर्ड पलटायची. गणपतीत अण्णा गेले तेव्हा ती नेमकी अर्ध्यावर होती. आता संक्रांत आली, तरी ना रेकॉर्ड पलटली ना पान. हे संपलं की अण्णांनी सुचवलेलं काही उरणारच नाही, या धास्तीनं बाईसाहेब अडून बसल्यात.

स्वयंपाकघरात कुणीतरी भांडी विसळतंय. शलाका जाऊन बघते तर अण्णा. फळीवर डब्यांच्या जागी पुस्तकं उभी आहेत, प्रत्येकाला झाकण लावलेलं. अण्णा गेलेत हे तिला पक्कं ठाऊक आहे, पण तोंडावर कसं म्हणायचं?

"अण्णा, तुम्ही कशाला? ठेवा ते!"

"मग कोण करणार? तू तर घोरतेयस. चहा टाक जरा."

ती गॅस पेटवते, आणि दोघं ऑर्केस्ट्राच्या जुन्या गाडीत शेजारी बसलेले असतात. शेगडी तिच्या मांडीवर आहे, पण चटका बसत नाही. खिडकीबाहेर वाचनालयाची कपाटं मागं पळताहेत. अण्णा गिटारच्या तारा छेडतात, आवाज जरा उशिरानं येतो.

"कुठवर आलीस?"

"अर्ध्यावर. कधीचीच."

"अगं मग पलट की!"

"नाही पलटणार." ती मांडीवरची शेगडी घट्ट धरते. "पलटली की संपलंच सगळं. मग मला कोण सांगणार काय वाचू, काय ऐकू? तुम्ही तर निघून गेलात!"

अण्णांचा हात तारांवरच थांबतो. साखर खाताना सापडलेल्या पोरासारखे ते इकडंतिकडं बघतात.

"एक सांगू? रागावू नकोस. मीच ते पुरं वाचलेलं नाही."

"काय?"

"दवाखान्यात न्यायला निघाले मला. पुस्तक इतकं झकास, की तुला दिल्याशिवाय दम निघेना. दिलं तुला तसंच."

"अण्णा! पुरं वाचल्याशिवाय कुणाला पुस्तक द्यायचं नाही, अशा शपथा मला घालत होतात ना?"

"म्हणून तर लाज वाटते. तिकडं जीव लागत नाही गं. पुस्तकातली ती बाई शेवटी होडीत बसते की माघारी फिरते, एवढं तरी सांग."

"मला तरी कुठं माहीत?"

"तेच म्हणतोय मी! तू अडलीस, म्हणून मीही अडलोय." ते तिच्या डोक्यावर हात ठेवतात. हात ओलाच आहे, भांड्यांचा. "सुचवून सुचवून दमलो बघ. आता तू वाचून दाखव."

"तुम्ही गप्प बसाल? दोन ओळी झाल्या की मध्ये बोलता."

"बोलणारच! चांगली ओळ आली की गप्प बसवतं का माणसाला?"

गाडी स्वयंपाकघरात थांबते. अण्णा उतरतात, गिटार काखेत मारतात आणि फळीवरच्या पुस्तकांमधून चालू लागतात. "चहा उतू जातोय बघ," जाता जाता सांगतात.

गॅस बंद करायला ती धडपडून उठते. खुर्ची करकरते. चहा नाही, शेगडी नाही, भांडी तशीच. मांडीवरचं पुस्तक जमिनीवर पडून उघडलंय, शेवटाकडं कुठंतरी. वाकून उचलते, तर पानांच्या बेचक्यात अण्णांची गिटारच्या तारा छेडायची नखी. तपकिरी, एका कोपऱ्याला झिजलेली. खूण म्हणून खोचलेली. पुढं मोजकीच पानं राहिलीत.

"लबाड कुठले!" शलाका म्हणते, आणि तिला हसता हसता रडू फुटतं. चांगलं पोटभर रडते.

मग डोळे पुसून रेकॉर्ड पलटते, सुई टेकवते. नखी होती त्याच पानात ठेवून अर्ध्यावरचं आपलं पान काढते.

"वाचतेय हं अण्णा. मध्ये बोलायचं नाही."

ती मोठ्यानं वाचू लागते. पहिली चांगली ओळ येते, आणि ती आपसूक थांबते. अण्णांना बोलायला जागा नको?