मेजरची साय-साखर

गेल्या महिन्यात एका रविवारी सकाळी दिल्लीतल्या आमच्या सरकारी क्वार्टरमध्ये मी चोर पकडला. चोर म्हणजे माझे सासरे... आप्पा. वय चौऱ्याहत्तर, मूळचे साताऱ्याकडचे, आर्मीतून सुभेदार म्हणून रिटायर झालेले.

पण आधी मेजरबद्दल सांगते. मेजर हा आमचा बोका. माझी भाची इथेच दिल्लीत, मुनिरकात भाड्याच्या खोलीत राहून शिकत होती, नोकरी लागल्यावर बंगळूरला गेली आणि हे ध्यान आमच्या गळ्यात टाकून गेली. नाव आप्पांनी ठेवलं. सासूबाई गेल्यापासून आप्पा आमच्याशी जेवढ्यास तेवढंच बोलायचे, पण मेजरशी मात्र तासन्‌तास गप्पा.

तर या मेजरला डायबेटिस निघाला. दिवसभर पाणी पिणं, भरपूर खाणं, आणि अंग मात्र उतरत चाललेलं. डॉक्टर मॅडमनी सांगितलं, सकाळ-संध्याकाळ सात वाजता, खाणं झालं की इन्सुलिन. बहुतेक आयुष्यभर.

आता टोचणार कोण? माझा नवरा मिनिस्ट्रीत मोठमोठ्या फायली निकालात काढतो, पण सुई बघितली की पांढराफटक. मलाही जमेना. शेवटी आप्पा म्हणाले, "द्या इकडं." मानेमागची कातडी चिमटीत धरली, टोचलं, संपलं. वर म्हणतात, "सुभेदारानं मेजरला टोचायचं म्हणजे कोर्ट मार्शलच की."

झालं... घराची छावणी झाली. फ्रिजच्या दारात लिंबाच्या लोणच्याशेजारी इन्सुलिनची बाटली, कॅलेंडरवर खुणा, आणि सातला पाच कमी असताना आप्पा हजर. टोचून झालं की ते मेजरला घेऊन बाल्कनीत जायचे आणि दार लोटून घ्यायचे. हवा खायला, म्हणे.

एवढं करूनही शुगर खाली येईना. कानाला बारीकसं टोचून घरच्या मशीनवर बघायचो, तर आकडा आपला चारशेच्या वरच. मागच्या पायांतलं बळ जायला लागलं, सोफ्यावर उडी मारताना धपकन पडायचा. डॉक्टर मॅडम म्हणाल्या, आठवडाभरात उतरली नाही तर ॲडमिट करावं लागेल. मी ऑफिसच्या बाथरूममध्ये जाऊन रडले... आता लपवायचं काय. मेजर गेला तर आप्पांचं काय होईल, हीच धास्ती होती.

आप्पांचा संशय शेजाऱ्यांवर. त्यांनी जिन्यात हिंदीत नोटीस लावली, 'कृपया मेजर साहब को कुछ न खिलाएँ'. दुसऱ्या दिवशी वरच्या मजल्यावरच्या आंटी काळजीनं विचारायला आल्या, तुमच्याकडे जे साहेब आलेत ते फारच आजारी आहेत का.

इकडे माझी वेगळीच कुरकुर चालू होती. मी आठवडाभर साय साठवते आणि रविवारी तूप कढवते. ते हल्ली कमीच निघत होतं. मी सरळ दूधवाल्याला फैलावर घेतलं.

त्या रविवारी, एरवी सुट्टीला आठशिवाय न उठणारी मी, सव्वासातला उठले. बघते तर फ्रिजमधून सायीचं भांडं गायब. बाल्कनीत डोकावले. आप्पा वेताच्या मोड्यावर बसलेले, मेजर मांडीवर, भांडं शेजारी... आणि बोटानं साय-साखर चाटवणं चाललेलं.

माझा पारा असा चढला म्हणून सांगू. आप्पा खाली मान घालून म्हणाले, "टोचाय लागल्यापासनं माझ्याकडं यीना झाला गं. ल्हानपणी सुई टोचून आलो की माझी आय साय-साखर द्यायची. आन्‌ वर इन्सुलिन दिलंय की त्याला."

आप्पांना स्वतःला शुगर आहे, आणि लग्नात जिलबी खायच्या आधी एक गोळी जास्त घेतली की सगळं माफ, असा त्यांचा जुना कायदा. तोच त्यांनी बोक्याला लावला होता. राग होता तो कुठल्या कुठे गेला.

सोमवारी डॉक्टर मॅडमसमोर आप्पांनी स्वतःच कबुली दिली. मॅडम आधी रागावल्या, मग हसायलाच लागल्या. "बाबूजी, बिल्लियों को मीठे का स्वाद आता ही नहीं." परत येताना ऑटोत आप्पा बोटांवर कसलासा हिशेब करत होते. मग एकदम म्हणाले, "म्हणजे साखर निस्ती वाया गेली की." आम्ही घर येईपर्यंत हसत होतो.

त्या संध्याकाळी टोचून झाल्यावर आप्पा रिकाम्या हातानं बाल्कनीत जाऊन बसले. दार उघडंच होतं. मेजर मागून आला, एकेक बोट हुंगलं, काहीच मिळालं नाही. मला वाटलं, आता जातो हा. तो दोनदा घुटमळला आणि लटपटत मांडीवर चढून झोपला. आप्पा तासभर हलले नाहीत, त्यांचा चहासुद्धा मीच नेऊन दिला.

आज सकाळी मशीनवर एकशे ऐंशी. सोफ्यावरची उडीही जमायला लागलीय. तूप पूर्वीसारखं निघतंय, दूधवाल्याची मी माफी मागितली. आणि आप्पा हल्ली माझ्याशीही गप्पा मारतात... मेजर, तुझे उपकार आहेत बाबा.

जिन्यातली नोटीस अजून तशीच आहे. फक्त खाली आप्पांनी आपल्या हातानं एक ओळ वाढवलीय, 'सूबेदार साहब भी न खिलाएँ'.