चौदा घाण्यांचं पाणी

सदर इसम नामे हौसेराव जगदाळे, वय ७२, धंदा सेवानिवृत्त, राहणार बी-४०२, सीवूड्स. बांधा सडपातळ, डाव्या मनगटावर वाफेने भाजल्याची खूण. स्वयंपाकघरात आक्षेपार्ह द्रव बाळगून असल्याचा सोसायटीस दाट संशय. रविवारी सकाळी अकरा वाजता कमिटी पाहणीस येईल.

नोटीस सेक्रेटरी स्वानंद अभ्यंकर यांनी स्वहस्ते लिहिली होती. संशयाला वास होता, आणि तो खरा होता. हौसेरावांची उभी नोकरी साताऱ्याकडच्या एका साखर कारखान्याच्या डिस्टिलरीत गेली. आता गुळाचं पाणी पिंपात आंबवायचं, कुकरला तांब्याची नळी लावून गाळायचं आणि संध्याकाळी दोन बोटं घ्यायची, एवढीच निवृत्ती. पण जीव दारूत नव्हता. गाळून झाल्यावर कुकरात उरणाऱ्या आंबट, तपकिरी पाण्यात होता. ते निववून पुढच्या घाण्यात ओतायचं. नुसत्या पाण्यातला गूळ कोरा लागतो, जुन्याची संगत मिळाली की माणसात येतो, असं त्यांचं मत. चौदा घाणे झाले, साखळी तुटली नव्हती.

साडेदहाला सून तेजश्रीने पिंप, बाटल्या, सगळं मोरीत रिकामं केलं. वरून फिनेल.

"अगं, दारू ओत की! ते पाणी कशाला?"

"आप्पा, वास त्यालाच येतो. पोलिसात गेलं प्रकरण, तर कोठडीत डबा मलाच आणावा लागेल."

हौसेराव मोरीकडे बघत राहिले. दारू काय, पुन्हा होते. चौदा घाण्यांचं पाणी कुठून आणायचं?

भांडी घासणारी करावे गावची गोजरा हळूच म्हणाली, "आप्पा, तोंड नका पाडू. माज्याकडं बाटलीभर हाय, मागच्या खेपेचं. पितळ काय चमकतं त्यानं! देवाची भांडी तर सोन्यावानी."

"न विचारता नेलंस?"

"फेकायचं पानी वाटलं. तुमी काय नाव घातलंवतं त्याच्यावर?"

"आहे कुठं?"

"जितं घासते तितं. उद्या आनते."

बेल वाजली.

कमिटीने ओटा पाहिला, माळा पाहिला, चहा घेतला आणि इतिवृत्तात नोंदवलं: 'कसून तपासणी केली असता आक्षेपार्ह द्रव मिळून आला नाही. प्रकरण बंद.' हौसेराव पंधराव्या घाण्यासाठी गूळ फोडायला बसले.

बाटली अभ्यंकरांच्या सिंकखाली होती. त्यांच्याकडची भांडीही गोजराच घासते.