सुनंदाच्या मागं सरूआक्काचं दळण

“तुझा डबा मागं घे,” गिरणीवाला बाबू म्हणाला आणि त्यानंच तो पायानं मागं सरकवला. खरं तर सुनंदा सगळ्यांच्या आधी आली होती. मी तिच्या शेजारीच उभी होते.

मी एका महिला संस्थेत फील्डवर्कर आहे. माहेर गोंदियाकडं. शाळा नववीतच सुटली. नवरा वाळूजला कंपनीत लागला म्हणून बजाजनगरला आले. संस्थेत आधी चहा आणि झाडलोट करायचे. संस्था चालवणाऱ्या ताईंनीच मला खुलताबादकडच्या गावांत पाठवलं. गावात शिरताना अजून भीती वाटते.

गिरणीचं आधी सांगते. एकाचं दळण झालं की थोडं पीठ आत राहतं आणि ते पुढच्याच्या पिठात येतं. म्हणून ज्वारीवर लगेच गहू टाकू देत नाहीत. ते ठीक. पण त्या दिवशी सगळ्यांचे गहूच होते. बौद्धवाड्यातलं पीठ पाटील आळीच्या पिठात जाऊ नये, म्हणून वाड्याचं दळण शेवटी. असं कुणी बोलून दाखवत नव्हतं, पण व्हायचं तेच.

सुनंदा वाड्यातलीच. वाळूजला एका कॅन्टीनमध्ये भांडी घासते. तिची जीप सकाळी फाट्यावर येते, कुणासाठी थांबत नाही. गिरणीला लाइटही सकाळचीच. डबा ठेवून गेली तर संध्याकाळी गहू तसेच. ठेकेदारानं बजावलं होतं, आता उशीर झाला तर येऊच नको. नवरा वारलेला, घरात दोन लेकरं.

त्या दिवशी तिनं डबा तसाच उचलला आणि फाट्याकडं पळाली. मी ताईंना फोन लावला.

“ताई, हा गुन्हा आहे ना?”

“आहेच. तक्रार करता येते, आपण वकील देऊ. पण सुनंदाला विचारलंस का, तिला काय पाहिजे?”

नव्हतं विचारलं. संध्याकाळी विचारलं.

“केस नको मला,” सुनंदा म्हणाली. “त्यो गिरणीच बंद करील. मंग डोक्यावर डबा घिऊन खुलताबादला जाऊ? मला पीठ पाहिजे, माझ्या नंबरानं.”

बचत गटाच्या बैठकीत मी विषय काढला. बचत गट म्हणजे बायका मिळून पैसे साठवतात तो. त्यात दोन्हीकडच्या बायका आहेत. पाटील आळीतली एक जण म्हणाली, “आमचा देवाचा निवद असतो बाई. तू बाहेरची, तुला नाय कळायचं.” दुसरी म्हणाली, “पहिल्यापासून असंच हाय.” सरूआक्का, पाटील आळीतली सगळ्यात मोठी बाई, मधेच उठून गेली. मला वाटलं, झालं, आता गटही फुटला.

दुसऱ्या दिवशी सकाळी सुनंदाबरोबर गिरणीवर गेले. तिचा डबा पहिला. मागं बायका येत गेल्या. बाबूनं पुन्हा पाय पुढं केला.

“पाय मागं घे, मुडद्या. अन्न हाय त्यात.”

मागून सरूआक्का आली होती. डोक्यावर डबा. तो तिनं सुनंदाच्या डब्याला लावून ठेवला.

“आधी तिचं टाक. तिच्या मागं माझं. मधी काय दळायचं नाय.”

“आक्का, तिचं पीठ तुमच्यात यील की!”

“यिऊ दे. माझी लेक मार खाऊन सासरहून आली, तव्हा चौकीत दिवसभर माझ्याबरोबर कोण बसलं? तुझी माय आली व्हती का? भावकी आली व्हती का? ही बसली. हिच्याच डब्यातली भाकर खाल्ली म्या. तव्हा नाय बाटले, आता पिठानं बाटते व्हय?”

एक जण फस्सकन हसली. बाबूनं मोटर चालू केली.

पाटील आळीतल्या दोघी आपले डबे उचलून निघून गेल्या. बाकीच्या थांबल्या. मी सुनंदाच्या डब्याचं तोंड पिठाखाली धरलं होतं. दळण संपेपर्यंत सोडलं नाही. पीठ घरी पोचवायचं काम मी घेतलं आणि सुनंदा फाट्याकडं पळाली. जीप मिळाली.

आता गिरणीवर जो आधी येईल त्याचा आधी नंबर. त्या दोन घरांचं दळण रिक्षानं खुलताबादला जातं. जाऊ दे. सुनंदाचं काम टिकलं.

सरूआक्काचे उपकार मी कसे फेडणार? आभार मानायला गेले तर म्हणाली, “ए गोंदियावाली, रडू नको. च्या घी.”

ट्रेनिंगमध्ये मी पुष्कळ कायदे शिकले, ते लागतातच. पण आता नव्या गावात गेले की आधी एवढं विचारते, अडचणीत कोण कुणाच्या घरी धावलं होतं.

ऑफिसला ताईंनी विचारलं, “यात तू काय केलंस?”

“डबा धरला,” मी म्हणाले.

“बास झालं,” ताई म्हणाल्या आणि पुढच्या गावाचं नाव सांगितलं.