तीन वेळा केलेली खुर्ची

“आधी पोरीला बघू द्या की, बाई. खुर्ची काय पळून जातीया व्हय?” असं म्हणून मिस्त्री फरशीवर मांडी घालून बसायचे. तुम्हीही सुतार पाहिले असतील. येतात, टेप लावतात, आकडा लिहून घेतात. हे नुसते बघत बसायचे.

कसबा बावड्यातल्या आमच्या बालवाडीत ते खिडकी दुरुस्त करायला आले होते. स्वरा तेव्हा चार वर्षांची. तिला सेरेब्रल पाल्सी. हातपाय ताठ व्हायचे, मान सावरायची नाही. आम्ही तिला भिंतीशी उशा लावून बसवायचो. घटकाभरात ती घसरून आडवी व्हायची आणि मुलांची गाणी छताकडे बघत ऐकायची.

त्या दिवशी तिची आई म्हणाली, “उद्यापास्नं न्हाय आणत, बाई. पडून ऱ्हायचं तर घरी बी पडतीया की.” खिडकीशी हातोडी थांबली. “आठ दिस आणा,” मिस्त्री म्हणाले.

टेप खटकन मिटला की स्वरा दचकायची, सगळं अंग ताठ. म्हणून त्यांनी तिचं माप सुतळीनं घेतलं, गाठी मारून. चौथ्या दिवशी खुर्ची आली. स्वरा तिच्यातूनही घसरली. मी चाचरत म्हटलं, “दवाखान्यात तिचा व्यायाम घेणाऱ्या मॅडमना विचारायला हवं होतं.” वाटलं, आता रागावणार. ते दुसऱ्याच दिवशी मायलेकींबरोबर दवाखान्यात गेले. “मॅडम, हिला कुठं धरायचं आन् कुठं सोडायचं, तेवढं सांगा.”

दुसरी खुर्ची पाठीत चुकली. आठ दिवसांचे वीस झाले. तिसरीला पायांखाली फळी, गुडघ्यांमध्ये मऊ ठोकळा, पुढं छोटं टेबल. स्वरा बसली. मान डुलली, सावरली. आणि दोन्ही हात मोकळे! मी पुढ्यात चुरमुरे ठेवले. बऱ्याच खटपटीनं तिनं मूठ भरली आणि शेजारच्या पोराच्या अंगावर उधळली.

“अगं ए, दंगा करतीस व्हय?” आई ओरडली, आणि पदरात तोंड लपवून रडायला लागली.

“आता लागली बघा शाळंला,” मिस्त्री म्हणाले.

गेल्या हिवाळ्यात ते वारले. यंदा स्वरा पहिलीत गेली. पहिल्या दिवशी मी सोबत होते. हजेरीत तिचं नाव आलं. शब्द जुळायला तिला वेळ लागतो. गुरुजी पेन धरून थांबले, वर्ग थांबला.

“ह… जर.”

मी तशीच शाहूपुरीत मिस्त्रींच्या दुकानात गेले. ते आता त्यांची मुलगी चालवते. तिला सांगितलं. तिनं मशीन बंद केलं, हातावरचा भुसा झटकला आणि स्टूल पुढं सरकवलं.

“बसा, बाई. परत पयल्यापास्नं सांगा.”